स्कीन्स २०२९ नंतर कुठे? पिट्सबर्ग पायरेट्स आणि तरुण पिचर टिकवायचं गणित

आजचा एपिसोड बेसबॉलवर आहे. थांबा, लगेच स्किप करू नका. क्रिकेट कळतं ना? मग हेही कळेल. आणि पैशाचा भाग तर आयपीएलचं ऑक्शन बघणाऱ्यांना जरा जास्तच कळेल.

"पॉल स्कीन्सला पिट्सबर्ग ठेवणार की विकणार?" असं मेसेजमधून बऱ्याच जणांनी विचारलंय. म्हणून आज फक्त तेवढंच. डिसेंबर २०२५ च्या शेवटी हे रेकॉर्ड करतेय, त्यामुळे तुम्ही ऐकाल तेव्हा एखाददुसरी गोष्ट पुढे सरकलेली असेल.

आधी टीम. पिट्सबर्ग पायरेट्स. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय? रिंकू सिंग आणि दिनेश पटेल आठवा. क्रिकेटवाला रिंकू नाही हां, भालाफेकवाला. 'मिलियन डॉलर आर्म' नावाची स्पर्धा झाली, उत्तर प्रदेशातली ही दोन पोरं त्यातून अमेरिकेला गेली, आणि नोव्हेंबर २००८ मध्ये ज्या टीमने त्यांना करारबद्ध केलं ती हीच. पुढे २०१४ ला त्यावर सिनेमा आला. रिंकू नंतर डब्ल्यूडब्ल्यूईमध्ये वीर महान झाला, ते तर तुम्हाला माहीतच असेल. दोघेही मोठ्या लीगपर्यंत पोचले नाहीत, पण आपल्याकडे पायरेट्सचं नाव पोचलं ते त्यांच्यामुळे.

या टीमने शेवटची वर्ल्ड सिरीज जिंकली १९७९ ला. १९९३ ते २०१२ सलग वीस सीझन ते जिंकण्यापेक्षा जास्त मॅच हरले. वीस! आपण आरसीबीच्या लोकांना उगाच चिडवायचो.

आता स्कीन्स. २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या नंबरवर पायरेट्सने त्याला घेतलं, ९२ लाख डॉलर बोनस देऊन. तेव्हाचा तो विक्रम होता. ११ मे २०२४ ला तो पहिली मॅच खेळला. पिचर किती चांगला हे बघायला ईआरए नावाचा आकडा असतो, म्हणजे नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी किती रन लागले. चारच्या आसपास असेल तर ठीकठाक, तीनच्या खाली म्हणजे फार भारी, दोनच्या खाली म्हणजे हा माणूस आहे का मशीन. स्कीन्सचा पहिल्या सीझनला १.९६ आणि दुसऱ्याला १.९७. पहिल्या वर्षी नॅशनल लीगचा सर्वोत्तम नवखा खेळाडू. दुसऱ्या वर्षी २१६ स्ट्राइकआउट आणि साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान. तीस मतं होती, तीसच्या तीस त्याला.

आणि २०२५ मधलं त्याचं जिंकण्या-हरण्याचं रेकॉर्ड? दहा जिंकले, दहा हरले.

कारण बॅटिंग. पायरेट्सने पूर्ण सीझनमध्ये ११७ होम रन मारले, तीस टीममध्ये सगळ्यात कमी. टीम ७१ मॅच जिंकली, ९१ हरली. म्हणजे असं समजा, बुमराहने चार ओव्हरमध्ये पंधरा रन द्यायचे आणि आपली टीम ऐंशीत ऑलआउट व्हायची. एकदा नाही, महिन्यातून तीनदा. भारतात या मॅच पहाटे चारनंतर सुरू होतात. गजर लावून उठायचं आणि हे बघायचं! जाऊ दे.

आता मुख्य मुद्दा, तरुण खेळाडू टीमकडे किती वर्षं राहतो.

आयपीएलचं आपल्याला पाठ आहे. ऋतुराज गायकवाडला चेन्नईने पहिल्यांदा घेतलं ते २० लाखाला. २०२२ च्या आधी रिटेन केलं ६ कोटीला, २०२५ च्या आधी १८ कोटीला. दर तीनेक वर्षांनी मोठं ऑक्शन आलं की टीमला ठरवावंच लागतं, याला ठेवायचं तर बाजारातली किंमत मोजायची. पुण्याच्या पोराला वाट बघावी लागली, पण फार नाही.

बेसबॉलमध्ये असं ऑक्शन नाही. एकदा खेळाडू मोठ्या लीगमध्ये आला की सहा वर्षं तो टीमच्या ताब्यात. पहिली तीन वर्षं टीम ठरवेल तो पगार, फक्त किमान रकमेपेक्षा कमी नको. २०२५ ला ही किमान रक्कम होती ७ लाख ६० हजार डॉलर. पुढची तीन वर्षं लवाद. म्हणजे टीम एक आकडा सांगते, खेळाडू एक सांगतो, आणि जमलं नाही तर लवाद दोन्हीतला एकच निवडतो. मधला आकडा काढायची सोय नाही. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा, जिथे जास्त पैसे तिथे जाऊ शकतो.

हे "वर्ष" मोजतात दिवसांवर. सीझन साधारण १८७ दिवसांचा, त्यातले १७२ दिवस मोठ्या टीमच्या यादीत असलात की एक वर्ष भरलं. त्यामुळे टीम काय करतात? चांगल्या पोराला सुरुवातीचे दोन-तीन आठवडे खालच्या लीगमध्येच ठेवतात. वर्ष भरत नाही, आणि सहाची सात वर्षं होतात! हे इतकं वाढलं की २०२२ च्या करारात नवा नियम आला. नवख्या खेळाडूंच्या मतदानात जो पहिल्या दोनात येईल त्याला आपोआप पूर्ण वर्ष.

स्कीन्सचं नेमकं हेच झालं. तो मे महिन्यात आला. टीमचं म्हणणं होतं की त्याच्या हातावर एकदम ताण नको, हळूहळू वाढवतोय. ते खरं असू शकतं, पिचरच्या बाबतीत तसं करतातही. पण पुरस्कार मिळाला आणि त्याचं पूर्ण वर्ष मोजलं गेलं. म्हणजे तो मोकळा होणार २०२९ चा सीझन संपल्यावर. वर, सीझनच्या सुरुवातीपासून त्याला खेळवलं असतं तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा निवड मिळाली असती, तीही गेली.

आता एक आकडा ऐका. मार्च २०२५ मध्ये स्कीन्सचं एक ट्रेडिंग कार्ड लिलावात विकलं गेलं, त्यावर त्याच्या पहिल्या मॅचच्या जर्सीचा बिल्ला लावलेला. अकरा वर्षांच्या एका मुलाला ते पाकिटात सापडलं होतं. पायरेट्सनी त्या कुटुंबाला सांगितलं, कार्ड आम्हाला द्या, तीस वर्षं सीझनची तिकिटं घ्या. कुटुंबाने नको म्हटलं. बरोबरच केलं, पायरेट्सची तीस वर्षं बघायची म्हणजे शिक्षा की बक्षीस, हा प्रश्नच आहे. कार्ड गेलं ११ लाख डॉलरच्या वर. आणि त्या वर्षी क्लबने स्कीन्सला दिलेला पगार? ८ लाख ७५ हजार डॉलर. कार्ड महाग, माणूस स्वस्त!

(त्याला आणखी सुमारे ३४ लाख डॉलर मिळाले, पण ते सगळ्या टीम मिळून जो ५ कोटी डॉलरचा बोनस निधी ठेवतात त्यातून. पायरेट्सच्या मर्जीने नाही.)

ही स्वस्तातली वर्षं छोट्या टीमचं सगळ्यात मोठं भांडवल आहे. डॉजर्सचं पगाराचं बिल पायरेट्सच्या तिपटीहून जास्त. कायद्याने कमाल मर्यादा नाही, फक्त ठरावीक आकड्यावर गेलात तर कर भरा. बाजारात उतरून पायरेट्स कधीच त्यांना हरवणार नाहीत. हरवू शकतील ते फक्त या काळात, जेव्हा जगातला सर्वोत्तम पिचर तुमच्याकडे मधल्या फळीतल्या खेळाडूच्या पगारात असतो.

पायरेट्सकडे अशी संधी आधी आली होती. गेरिट कोल, २०११ च्या ड्राफ्टमधला पहिला नंबर. २०१३, १४, १५ सलग तीन वर्षं टीम प्लेऑफमध्ये. २०१५ ला तर ९८ मॅच जिंकले. मग एकाच मॅचचा नॉकआउट शिकागो कब्जविरुद्ध, पिचिंगला कोल, समोर जेक अरिएटा. अरिएटाने एकही रन दिला नाही. खेळ खल्लास.

त्या सीझनमध्ये कोल १९ मॅच जिंकला होता आणि ऑल-स्टार होता. पुढच्या वर्षासाठी क्लबने त्याला दिले ५ लाख ४१ हजार डॉलर. आदल्या वर्षी बोनस धरून त्याला मिळाले होते तेवढेच, एक डॉलरही जास्त नाही. नियमात बसत होतं. तो जाहीरपणे नाराज झाला. आता विचार करा, अजून एक लाख डॉलर दिले असते तर क्लब बुडाला असता का? ऑफिसात अप्रेझलला ज्यांना "यंदा बजेट नाहीये" ऐकावं लागलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाच वर्षांनी करार करायला बसाल तेव्हा समोरचा माणूस ही गोष्ट विसरलेला नसतो.

जानेवारी २०१८ मध्ये कोलला ह्यूस्टनला दिलं, बदल्यात चार खेळाडू घेतले. कोल तिथे जाऊन आणखी भयंकर झाला. २०१९ ला एका सीझनमध्ये ३२६ स्ट्राइकआउट! मग यांकीजकडे ९ वर्षांचा करार, ३२ कोटी ४० लाख डॉलर. त्या चौघांतला जो मसग्रोव चांगला निघाला, तर २०२१ च्या सुरुवातीला त्यालाही सॅन दिएगोला दिलं. तिथे त्याने त्याच एप्रिलमध्ये नो-हिटर टाकला, त्या क्लबच्या इतिहासातला पहिला. टायलर ग्लासनाऊ, शेन बाझ आणि ऑस्टिन मेडोज हे तिघे टँपा बेला देऊन घेतला क्रिस आर्चर, आणि तो चालला नाही. जेमसन टायॉन यांकीजला. एवढे पिचर घडवले, आणि त्यांचं चीज झालं दुसऱ्यांच्या अंगणात.

म्हणून जेव्हा कोणी मला सांगतं की "स्कीन्सला आत्ताच विका, पाच-सहा चांगली पोरं मिळतील, टीम उभी राहील," तेव्हा मी विचारते, ती पोरं निवडणार कोण? कागदावर हा सल्ला चुकीचा नाही. शिकागो व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०२४ मध्ये गॅरेट क्रोशेला बॉस्टनला दिलं, चार तरुण खेळाडू घेतले, आणि काही महिन्यांत बॉस्टनने क्रोशेशी १७ कोटी डॉलरचा सहा वर्षांचा करार केला. विकणं हा एक रस्ता आहेच. पण पायरेट्स त्या रस्त्याने बऱ्याचदा गेलेत आणि दरवेळी रिकाम्या हाताने परतलेत.

मग ठेवायचं? इथे कोपर मध्ये येतं.

आपल्याकडे फास्ट बॉलर म्हटलं की पाठीची काळजी. बुमराहचं आपण बघितलंय. पिचरचं तसं कोपर. कोपराच्या आतल्या बाजूला एक लिगामेंट असतं, १५०-१६० किलोमीटर वेगाने फेकताना त्याच्यावर प्रचंड ताण येतो. फाटलं की शरीराच्या दुसऱ्या जागेवरचा स्नायुबंध काढून तिथे बसवतात. १९७४ मध्ये डॉक्टर फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरवर ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा केली, नावही तेच पडलं. साधारण वर्ष-दीड वर्ष बाहेर.

अटलांटाने २०२२ मध्ये स्पेन्सर स्ट्रायडरशी सहा वर्षांचा ७ कोटी ५० लाखांचा करार केला, सगळे म्हणाले काय स्वस्तात पटवला. २०२४ च्या एप्रिलमध्ये कोपराची शस्त्रक्रिया. मायामीच्या सँडी अल्कांतराने करार केला, २०२२ ला साय यंग घेतला, २०२३ ला टॉमी जॉन. आणि खुद्द कोल! मार्च २०२५ मध्ये टॉमी जॉन, पूर्ण सीझन घरी, पगार ३ कोटी ६० लाख डॉलर. यांकीजने तो सोसला. पायरेट्सच्या पगाराच्या पूर्ण बजेटमधून एवढा तुकडा एका सीझनमध्ये गेला तर टीम तिथेच संपली. "मालक कंजूष आहे" हे मला मान्य आहे, पिट्सबर्गच्या मैदानात २०२५ च्या पहिल्याच होम मॅचला लोक "टीम विका" ओरडत होते, उगाच नाही. पण फक्त कंजूषपणा म्हटलं की गणिताचा अर्धा भाग सुटतो. लांबचा करार म्हणजे एका कोपरावर लावलेला पैसा, आणि छोट्या टीमकडे दुसरं कोपर घ्यायला पैसे उरत नाहीत.

आता माझं मत. सगळ्या तरुण पिचरना एकाच मापाने मोजू नका.

स्कीन्सला ऑफर द्यावी. मोठी, आणि मनापासून. पायरेट्सचा आजवरचा सगळ्यात मोठा करार बॅटर ब्रायन रेनॉल्ड्सचा आहे, १० कोटी ६७ लाखांच्या आसपास. पिचरमध्ये मिच केलर, ७ कोटी ७० लाख, २०२८ पर्यंत. स्कीन्सचा आकडा यांच्या कितीतरी वर जाईल. तो बहुतेक नाही म्हणेल. का म्हणू नये? बोनस बँकेत आहे, जाहिराती आहेत, २०२७ पासून लवादाचे मोठे पगार सुरू होतील. त्याला घाई नाही. तो हो म्हणेल असं धरून पुढचा प्लॅन करायचा नाही.

घाई असायला हवी ती बबा चँडलरबाबत. २०२१ च्या ड्राफ्टमधला हा पोरगा, कॉलेजात अमेरिकन फुटबॉलचा क्वार्टरबॅक व्हायच्या वाटेवर होता. २२ ऑगस्ट २०२५ ला पहिली मॅच खेळला. इतक्या उशिरा आणला की २०२५ चं वर्ष मोजलंच गेलं नाही, म्हणजे २०३१ पर्यंत तो टीमकडे. याच्याशी आत्ता बोला. सिनसिनाटीने हंटर ग्रीनशी २०२३ मध्ये लवकर करार केला, सहा वर्षं, ५ कोटी ३० लाख. त्याच जातीचा करार. पोराला आयुष्याची हमी, टीमला एक-दोन वर्षं जास्त.

आणि जॅरेड जोन्स. इथे मी अडखळते. २०२४ ला आला, सुरुवातीलाच छाप पाडली, मे २०२५ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया. तोही स्कीन्ससारखा २०२९ नंतर मोकळा होतो. पैशाच्या हिशोबाने बघितलं तर त्याच्याशी करार करायची वेळ आत्ताच, दुखापतीतून उठतोय, भाव खाली आहे, तो घाबरलेलाही असेल. हुशार क्लब नेमकी अशीच वेळ साधतात. पण चोविसाव्या वर्षी हात प्लास्टरमधून बाहेर आलेल्या पोरासमोर कागद ठेवून "सही कर, नाहीतर पुन्हा फाटला तर काय?" हे बोलायला मला जमणार नाही. बोला जरूर, पण दुखापतीच्या आधी जो आकडा दिला असता तोच द्या. क्लब चालवणारे म्हणतील ही बाई धंद्याला नालायक. असू दे. कोलच्या त्या ५ लाख ४१ हजारांत वाचवलेले पैसे शेवटी किती महाग पडले ते बघितलंय आपण.

पण करारांपेक्षाही माझा भर आहे बॅटिंगवर. आणि या डिसेंबरमध्ये, काय सांगू, पायरेट्स खरंच हलले! योहान ओव्हिएडो हा पिचर बॉस्टनला देऊन तरुण आउटफिल्डर गार्सिया घेतला. मग तीन टीमच्या व्यवहारात माइक बरोज हा पिचर सोडला आणि टँपा बेकडून ब्रँडन लाऊ आणला. लाऊने २०२५ ला एकट्याने ३१ होम रन मारलेत. पूर्ण टीमचे ११७ होते, लक्षात आहे ना?

मला हे आवडलं, कारण पिचर टिकवायचे म्हणजे सगळेच्या सगळे टिकवायचे असं नाही. रोटेशनमध्ये जागा पाच. स्कीन्स, केलर, चँडलर, ब्रॅक्स्टन अ‍ॅशक्राफ्ट, बरा झाला की जोन्स. त्यापुढचे दोघे कितीही चांगले असले तरी त्यांची जास्त किंमत दुसऱ्या टीमला आहे. शेतात वांगी जास्त झाली तर शेजाऱ्याला देऊन भात आणायचा, वांगी कुजत ठेवायची नाहीत. फक्त एक कुरबुर आहे. लाऊचा करार २०२६ लाच संपतो. एका वर्षासाठी बरोजची पुढची बरीच वर्षं दिलीत, तर मग त्या एका वर्षात अर्धवट थांबू नका.

स्कीन्सकडे चार सीझन आहेत, २६, २७, २८, २९. त्यातले निदान तीन पूर्ण जोर लावून खेळायचे. दरवर्षी एक खरा बॅटर, भाड्याने का होईना. २०२८ च्या अखेरीस करार झालेला नसेल आणि टीम तळाला असेल तर विकायचा विचार करा, त्याआधी फोनसुद्धा उचलू नका. आणि २०२९ ला तो गेलाच, पण मध्ये दोन-तीन ऑक्टोबर प्लेऑफचे मिळाले, तर मी तरी त्याला अपयश म्हणणार नाही. कोलच्या वेळचं दुःख तो गेला याचं कमी आहे. ९८ मॅच जिंकल्यावर टीमला अजून दोन बॅटर हवे होते आणि क्लबने हात आखडता घेतला, याचं जास्त आहे.

एक तारीख नोंदवून ठेवा. १ डिसेंबर २०२६. त्या दिवशी खेळाडू आणि मालकांमधला सध्याचा करार संपतो. मालकांना पगारावर कमाल मर्यादा हवीय, खेळाडूंच्या संघटनेला ती अजिबात नको. सहा वर्षांचा नियम, लवाद, आज मी सांगितलेलं सगळंच नव्याने मांडलं जाऊ शकतं. आणि नेमकं त्याच हिवाळ्यात स्कीन्स पहिल्यांदा लवादाला पात्र होतो. तेव्हा यावर दुसरा भाग करावा लागेलच.

पुढच्या आठवड्यात कबड्डीवर बोलूया. तोपर्यंत, स्कीन्सला विकायचा की ठेवायचा, तुमचं मत व्हॉइस नोट करून पाठवा. दोन मिनिटांच्या आत प्लीज, मागच्या वेळी एकाने अकरा मिनिटांची पाठवली होती, ऐकली मी पूर्ण. चला, भेटू!